बीटेकला सायबर सिक्युरिटी घेऊ का साधं कॉम्प्युटर/आयटी? ऑप्शन फॉर्म भरायचाय, प्लीज सांगा

उजनीकाठची

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांब होईल. यंदा बारावी झाली, एमएचटी सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये ९२ च्या आसपास पर्सेंटाइल आहेत, कॅटेगरी ओबीसी, करमाळा तालुक्यातून आहे, घरी केळीची शेती. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म भरायला थोडेच दिवस राहिलेत आणि घरात दुसरा विषयच नाहीये सध्या.

मला सायबर सिक्युरिटीत जायचंय हे दहावीपासून डोक्यात पक्कं आहे. आमच्याकडे केवायसी अपडेटच्या लिंकवरून, वीज कापली जाईल अशा मेसेजवरून किती लोकांचे पैसे गेलेत, गल्लीत कुणाचंही असं झालं की १९३० ला फोन लावून द्यायचं काम माझ्याकडेच येतं. ते करताना सारखं वाटत राहतं की हे नेमकं घडतं कसं, पैसे कुठून कुठे जातात, आणि आधीच थांबवता का येत नाही.

तर पर्याय असे दिसतायत. पुण्यातलं एक खाजगी कॉलेज, ब्रँचचं नाव सीएसई सायबर सिक्युरिटी, पण ब्रँच नवीनच आहे, अजून मोजक्याच बॅच बाहेर पडल्यात. दुसरं सोलापुरात आयटी, कॉलेज जुनं आहे आणि घराला जवळ. तिसरं म्हणजे पुणे विद्यापीठाची बीएससी सायबर अँड डिजिटल सायन्स, ती मैत्रीण घेतेय म्हणून मीही बघितली. मामा पुण्यात आयटीत आहेत, ते म्हणतात पदवीला स्पेशलायझेशन घ्यायचंच नाही, साधं कॉम्प्युटर नाहीतर आयटी घे, सायबर नंतर कधीपण करता येतं. पप्पा म्हणतात तुला आवडतं ते घे पण चार वर्षांनी नोकरी लागली पाहिजे.

मला विचारायचंय की खरंच नावाने एवढा फरक पडतो का? गणित किती लागतं, माझं गणित ठीक आहे, फार भारी नाही. आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी हॅकिंग वगैरे यायला पाहिजे का, कारण टेलिग्रामवर सगळे काली लिनक्स (हॅकिंगच्या टूलसकट येणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाक, सीईएच (एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट) कर असंच सांगतायत. जे या फील्डमध्ये आहेत त्यांनी प्लीज सांगा.

रात्रपाळी_हिंजवडी

मी सॉकमध्ये एल२ ला, म्हणजे दुसऱ्या पातळीवर आहे, फ्रेशर एल१ ला असतात. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, जिथे कंपन्यांच्या सगळ्या मशीनचे लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदी, एका जागी येतात आणि चोवीस तास कुणीतरी त्यावर बसलेलं असतं. फ्रेशर म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात म्हणून हे काम रोजचं कसं असतं ते आधी सांगतो, मग ब्रँचचं बोलू.

समज हे लॉग तपासणाऱ्या सिएम टूलमध्ये अलर्ट आला की एका मशीनवर वर्डच्या फाइलमधून पॉवरशेल, म्हणजे विंडोजमध्ये कमांड चालवायचं साधन, सुरू झालं. आता ठरवायचं की हे खोटं अलार्म आहे का खरंच कुणी घुसलंय. त्यासाठी तुला माहीत पाहिजे की वर्डने पॉवरशेल उघडायचं साधारणपणे काही कारणच नसतं, मग ती कमांड उलगडून बघायची, ते मशीन कुठल्या पत्त्याला बोलतंय ते बघायचं, त्या युजरने आज कुठून लॉगिन केलं ते बघायचं. विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं आणि ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, तर एकाच अकाउंटवर शेकडो ४६२५ आणि त्यांच्या शेवटी एक ४६२४ दिसला की तिथे थांबायचं असतं, कारण कुणीतरी पासवर्ड ट्राय करत करत आत पोचलेलं असू शकतं. हे सगळं थोड्या वेळात करायचं, तिकिटात, म्हणजे त्या अलर्टच्या नोंदीत नीट लिहायचं आणि गरज असेल तर एल२ कडे ढकलायचं. लिहायचं हा भाग लोक विसरतात, ज्याला चार ओळीत स्पष्ट लिहिता येतं तो एल१ लवकर पुढे जातो हे मी बघितलंय.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला मीही बसतो अधूनमधून. मुलं सीईएचचं सर्टिफिकेट घेऊन येतात, टूलची नावं पटापट सांगतात, आणि मी विचारतो की ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारलं, पेज दिसेपर्यंत मधे काय काय झालं ते सांग. डीएनएसने पत्ता शोधणं, टीसीपीच्या हँडशेकने कनेक्शन जोडणं, टीएलएसने ते सुरक्षित करणं, मग एचटीटीपीने पेज मागणं, हे ज्याला आपल्या शब्दात सांगता येतं त्याची ब्रँच कुठली होती हे मी नंतर बघतो, आणि बहुतेकदा बघतही नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यापण कॉम्प्युटर, आयटी आणि त्याच्याशी संबंधित सगळ्या ब्रँचला एकत्रच बसवतात.

शिफ्टचं आधीच सांगतो कारण घरच्यांना ते माहीत असलेलं बरं, सुरुवातीला रोटेशनमध्ये रात्रपाळी येते. कंपनीची कॅब असते, आमच्या टीममध्ये मुलीपण आहेत रात्रीला, पण झोपेची वाट लागते हे खरंय. सगळी सायबरची कामं शिफ्टची नसतात, ॲप्लिकेशन सिक्युरिटी, क्लाउड, ऑडिट ही दिवसाची असतात, पण तिथे थेट फ्रेशर घेणं कमी असतं.

चाळीसगावचे_मास्तर

मी इंजिनिअरिंगला शिकवतो, कॉम्प्युटर नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे माझे विषय, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते कळेलच.

बाळा, ब्रँचचं नाव बाजूला ठेव आणि दोन्ही कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन चारी वर्षांच्या सिलॅबसची पीडीएफ काढ. ऑटोनॉमस कॉलेज असेल तर त्यांचा स्वतःचा सिलॅबस असतो, त्यामुळे एकाच नावाच्या ब्रँचमध्ये जमीन अस्मानाचा फरक निघतो. त्यात बघ की दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस हे सगळं पूर्ण आहे का, आणि लॅबसकट आहे का. ह्यातलं काही गाळून त्या जागी दुसऱ्याच वर्षी एथिकल हॅकिंग घातलं असेल तर ती ब्रँच मी माझ्या मुलीला घेऊ देणार नाही. हे विषय पूर्ण ठेवून तिसऱ्या चौथ्या वर्षाला क्रिप्टोग्राफी, डिजिटल फॉरेन्सिक्स, वेब सिक्युरिटी, मालवेअर अॅनालिसिस असेल तर ब्रँच चांगली आहे, नाव सायबर असो का नसो.

असं का म्हणतो त्याचं उदाहरण देतो. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे वेबसाइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हार्टब्लीड नावाची चूक सापडली, अर्ध्या इंटरनेटला घाम फुटला होता. चूक काय होती, तर समोरचा म्हणतो की मी एवढे अक्षर पाठवतोय, तेवढेच मला परत पाठव, आणि सर्व्हर तो आकडा खरा आहे का हे न तपासता मेमरीतून तेवढा तुकडा उचलून देत होता. एका वेळी ६४ केबीपर्यंत. त्यात पासवर्ड, चाव्या, काहीही असू शकत होतं. ज्या पोराने सी मध्ये ॲरे आणि पॉइंटर मनापासून केलेत त्याला हे ऐकल्या ऐकल्या समजतं, ज्याने नाही केले त्याला हार्टब्लीड हे परीक्षेसाठी पाठ करायचं नुसतं एक नाव राहतं.

दुसरं त्याहून अलीकडचं, मार्च २०२४. लिनक्समध्ये एक्सझेड नावाची फाइल लहान करायची लायब्ररी आहे, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातला होता, आणि तो माणूस आधी दोन वर्षं त्या प्रोजेक्टमध्ये प्रामाणिकपणे काम करून विश्वास कमवून बसला होता. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, मायक्रोसॉफ्टमधला. तो सिक्युरिटीवाला नव्हताच. स्वतःच्या कामाचा वेग मोजत होता आणि एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय, सीपीयू विनाकारण खातंय हे त्याला खटकलं, तो खणत गेला आणि चोरदरवाजा हाताला लागला. सगळ्या जगाच्या सर्व्हरमध्ये पसरायच्या आत ते थांबलं. नेहमीचं कसं चालतं हे ज्याला आतून माहीत असतं त्यालाच बिघडलेलं दिसतं, आणि ते नेहमीचं ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कच्या लॅबमध्येच शिकायला मिळतं.

गणिताचं घाबरू नकोस. क्रिप्टोला मॉड्युलर अंकगणित, मूळ संख्या, थोडी संभाव्यता लागते, आरएसए ही गुप्त लिपीची पद्धत समजायला जे लागतं ते बारावीच्या गणितापेक्षा वेगळं आहे, अवघड आहेच असं नाही. संशोधनात गेलीस तर जास्त लागेल, नाहीतर ठीक असलेलं गणित पुरतं, फक्त डिस्क्रीट मॅथ्सचा तास बुडवायचा नाही.

आणि तुझे मामा म्हणतात त्यात एक मधला रस्ताही आहे. पुणे आणि मुंबई दोन्ही विद्यापीठांत कॉम्प्युटर किंवा आयटीची पदवी घेत असतानाच सायबर सिक्युरिटीमध्ये ऑनर्स करायची सोय आलेली आहे, जादा विषय घ्यायचे, पदवीवर तसा उल्लेख येतो. सोलापूरच्या कॉलेजला हे आहे का ते फोन करून विचार.

नागपुरी_टर्मिनल

मास्तर सरांचा मान ठेवून थोडं वेगळं सांगतो, कारण मी सध्या सायबर ब्रँचमध्येच तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला ही ब्रँच घेतल्याचा फायदाच झालाय.

फाउंडेशन पाहिजे हे शंभर टक्के बरोबर. पण साध्या कॉम्प्युटरमध्ये माझे जे मित्र आहेत ना, त्यांच्या वर्गात ऐंशी टक्के चर्चा लीटकोडवरच्या कोडिंगच्या प्रश्नांची आणि वेब डेव्हलपमेंटची, ज्याला सिक्युरिटी करायची तो एकटाच पडतो, हळूहळू तोपण तिकडेच जातो. आमच्या वर्गात मागच्या बाकावरपण कुणीतरी नेटवर्कचे पॅकेट बघत बसलेलं असते. आमची सीटीएफची, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायच्या स्पर्धांची टीम आहे, शनिवारी रात्री सगळे हॉस्टेलच्या एका रूममध्ये बसतो, एक जण वेब, एक क्रिप्टो, एक रिव्हर्सिंग (तयार प्रोग्राम उलगडून बघणं), मी फॉरेन्सिक्स. सीटीएफटाइम या साइटवर दर आठवड्याला कुठली ना कुठली स्पर्धा असतेच. केरळच्या अमृता विद्यापीठाची बायोस टीम आहे, पोरांनीच उभी केलेली, सीनियर ज्युनियरला शिकवतात असं करत करत ती जगात नाव घेण्यासारखी झाली, आम्ही त्यांचे राइटअप, म्हणजे कोडं कसं सोडवलं ते लिहिलेलं, वाचूनच शिकलो. असं वातावरण मिळणं ही गोष्ट सिलॅबसच्या पीडीएफमध्ये दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला, पुण्याच्या कॉलेजमधल्या आत्ताच्या सेकंड थर्ड इयरच्या कुणाला तरी लिंक्डइनवर मेसेज टाक आणि हे विचार: लॅबमध्ये व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालतात का नुसतं प्रोजेक्टरवर दाखवतात, सिक्युरिटी शिकवणाऱ्या सरांनी स्वतः कधी सीटीएफ किंवा इंडस्ट्रीत काम केलंय का, आणि क्लब खरोखर चालू आहे का फक्त पोस्टरवर. ह्या तिन्हीला नाही असं उत्तर आलं तर सोलापूर बरं, आयटी घे आणि बाकी स्वतः कर. कारण काही कॉलेजनी सीट वाढवायला फक्त ब्रँचचं नाव बदललंय, शिकवणारे तेच, लॅब तीच, हे मी मित्रांकडून ऐकतोच आहे.

हॅकिंग आधी यायला पाहिजे का, तर अजिबात नाही. पण सुट्टीत करायचंच असेल तर ओव्हर द वायर या साइटवरचा बँडिट हा खेळ सुरू कर, फुकट आहे, लेव्हल शून्यापासून लिनक्सच्या कमांड शिकवत नेते, पुढच्या लेव्हलचा पासवर्ड आधीच्या लेव्हलमध्ये लपवलेला असतो. अडकलीस तर लगेच यूट्यूब उघडू नको, मॅन पेज (लिनक्समधली कमांडची माहिती) वाच, दोन दिवस डोकं खाऊ दे. मग पिकोसीटीएफ, ते कार्नेगी मेलनवाल्यांचं आहे, शाळा कॉलेजच्या पोरांसाठीच बनवलेलं. वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, तीपण फुकट आणि त्यासारखं दुसरं काही नाही. वायरशार्क हे नेटवर्कचं ट्रॅफिक दाखवणारं टूल टाकून आपल्याच मोबाइलचं ट्रॅफिक बघत बस, त्यातून नेटवर्कचं अर्धं पुस्तक समजते.

उजनीकाठची

बापरे, एवढं सविस्तर सांगितलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. मास्तर सर, एक्सझेडचं वाचून मी रात्री त्यावर अजून शोधत बसले, काहीच धड कळलं नाही पण झोपही आली नाही.

सिलॅबस काढला दोन्हीचा. पुण्याच्या कॉलेजमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, डिस्क्रीट सगळं आहे दुसऱ्या वर्षाला, लॅबसकट. तिसऱ्याला क्रिप्टो आणि फॉरेन्सिक्स. एका सीनियर ताईला मेसेज केलाय, उत्तराची वाट बघतेय.

अजून थोडं विचारू का. लॅपटॉप कुठला घ्यायचा, बजेट फार नाही. बीएससीबद्दल कुणीच बोललं नाही. आणि हे सगळं करताना चुकून कायद्यात अडकलो असं होऊ शकतं का, कारण पप्पांना हॅकिंग शब्द ऐकला की पोलीसच आठवतात.

बँकेतली_ताई

मी एका सहकारी बँकेत माहिती सुरक्षा बघते. पप्पांच्या काळजीचं आधी सांगते कारण ती काळजी बरोबर आहे.

आयटी कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ एकत्र वाचायचं. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टिममध्ये अप्रामाणिक हेतूने शिरणं, डेटा काढणं, बिघाड करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचं वायफाय, कॉलेजचं निकालाचं पोर्टल, गावातल्या पतसंस्थेची वेबसाइट, यातल्या कशालाही फक्त बघू म्हणून हात लावायचा नाही. मी फक्त दाखवून देत होतो हे सांगून सुटका होईलच असं कुणी धरून चालू नये. वर ज्या साइट सांगितल्यात त्या मुद्दाम फोडायलाच बनवलेल्या आहेत, स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनही आपल्याच, तिथे मनसोक्त करायचं. कंपन्यांचे बग बाउंटी, म्हणजे चुका शोधून दिल्यावर बक्षीस देणारे प्रोग्राम असतात त्यात काय तपासायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते शब्द न शब्द वाचायचे आणि त्याच्या बाहेर एक पाऊल टाकायचं नाही. एखाद्या सरकारी साइटवर सहज काही चुकीचं दिसलं तर अजून खोलात न जाता सर्ट-इनला कळवायचं, ती त्याचसाठीची देशाची संस्था आहे.

आता नोकरीचं. सगळे हॅकिंग आणि सॉकबद्दल बोलतात, पण महाराष्ट्रात ज्या कामाची गरज रोज वाढतेय ते बँकांमधलं, हॉस्पिटलमधलं, कारखान्यांमधलं साधं सुरक्षेचं काम आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण शोधून वाच, हा विषय आपल्या दारात कसा येतो ते कळेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी आधीच आत शिरून एटीएमच्या स्विचच्या, म्हणजे एटीएम आणि बँकेच्या मुख्य सिस्टिमला जोडणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची नक्कल उभी केली होती. एटीएममधून पैसे मागितले की ती विनंती खात्यात शिल्लक आहे का हे बघायला बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत जायला पाहिजे, ती जातच नव्हती, मधली नक्कलच हो देऊन टाकत होती. क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं उभी होती, काही तासांत साधारण ७८ कोटी बाहेरच्या देशांतून आणि अडीच कोटी भारतातून काढले गेले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यातून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ते प्रामुख्याने पैसे काढणाऱ्या साखळीतले.

तू विचारलंस ना की पैसे कुठून कुठे जातात आणि आधी का थांबवता येत नाही, त्याचं उत्तर यात आहे. इथे नेटवर्कचे भाग वेगळे ठेवणं, स्विचवर कुठली फाइल बदलली यावर लक्ष, सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी जागं असणं, एका कार्डावर परदेशातून अचानक एवढे व्यवहार का होतायत हे दिसणं, असं सगळं एकत्र लागतं. यातलं कुठलंच काम सिनेमातल्यासारखं नाही आणि प्रत्येकाला शिकलेली माणसं लागतात. रिझर्व्ह बँकेने २०१६ लाच बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली, २०२२ पासून सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे ठराविक प्रकारचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला लागतं आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायला लागतात, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे त्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हे सगळं पाळलं जातंय का ते बघणारी, तपासणारी, लिहिणारी माणसं लागतात, त्याला आमच्याकडे जीआरसी म्हणतात. मुलींनी हे दुय्यम काम समजून सोडू नये आणि मुलांनीही नाही, पण आधी दोन तीन वर्षं तांत्रिक काम करून इकडे आलं तर समोरच्या इंजिनिअरला काय विचारायचं ते समजतं.

नागपुरी_टर्मिनल

लॅपटॉपचं मी सांगतो. १६ जीबी रॅम आणि एसएसडी, बाकी ग्राफिक्स कार्ड वगैरेवर पैसे घालू नको, ह्या कामाला लागत नाही. बजेट अगदीच नसेल तर ८ जीबीचा घे पण रॅम वाढवता येते असा घे, दुकानदाराला स्पष्ट विचार, काही मॉडेलमध्ये रॅम चिकटवलेलीच असते. लॅपटॉपच्या बायोस सेटिंगमध्ये (वरची टीम नव्हे) व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं, व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं आणि काली त्याच्या आत चालवायचं. विंडोज पुसून काली मुख्य म्हणून टाकायची गरज नाही, उबुंटू टाकलं तर उलट चांगलं, रोज वापरून लिनक्स अंगवळणी पडते. आणि लॅपटॉप उशिरा मिळाला तरी काही अडत नाही, ट्रायहॅकमी या सरावाच्या साइटचं मशीन ब्राउझरमध्येच उघडते, फुकटमध्ये रोज थोडा वेळ मिळतो, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून होते.

सर्टिफिकेटचं पण, सीईएचवर पहिल्या वर्षी पैसे टाकू नको. लाखाच्या घरात बजेट नसलेल्या घरातून आपण येतो, तो पैसा लॅपटॉपला लाव. ओएससीपी ही हॅकिंगची दुसरी सर्टिफिकेट परीक्षा मोठी आहे, त्यात जवळपास पूर्ण दिवस नुसती मशीन फोडायची परीक्षा आणि मग रिपोर्ट लिहायला आणखी एक दिवस, ती नोकरी लागल्यावर कंपनीच्या पैशाने करणारे बरेच आहेत.

चाळीसगावचे_मास्तर

नागपूरच्या पोराशी मी वातावरणाच्या मुद्द्यावर सहमत आहे, ती गोष्ट मी कमी लेखली होती असं नाही पण त्याने नीट मांडली. एवढंच म्हणेन की क्लब नसेल तर सुरू करता येतो, ऑपरेटिंग सिस्टिमचा सुटलेला विषय नंतर भरून काढणं मात्र फार कमी जणांना जमतं.

बीएससीचं. ती वाईट नाही, फी कमी असते, आणि ज्यांना पीसीएम किंवा सीईटी जमलं नाही त्यांच्यासाठी चांगलं दार आहे. पण तुझा नंबर इंजिनिअरिंगला लागतोय तर मी इंजिनिअरिंगच म्हणेन, कारण बऱ्याच भरतीच्या जाहिरातीत बीई बीटेक ही अट असते आणि बीएससीनंतर एमएससी किंवा एमसीए करून तिथे पोचावं लागतं. सीडॅक या सरकारी संस्थेचा डिटिस म्हणून पदव्युत्तर डिप्लोमा आहे, नेटवर्क, लिनक्स आणि सिक्युरिटी एकत्र, साधारण सहा महिने घासून घेतात, पुण्यातून कितीतरी मुलं त्यातून लागली. त्यालाही सी-कॅट परीक्षा आणि इंजिनिअरिंग किंवा एमसीए वगैरे पात्रता लागते. म्हणजे तू सोलापुरात आयटी केलंस तरी पुढे हा रस्ता उघडा आहे, मामांचं म्हणणं त्या अर्थाने चुकीचं नाही.

फॉरेन्सिक्समध्येच जायचं असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, एनएफएसयू, तेही बघ, त्यांचा गोव्यातही कॅम्पस आहे. पण त्यांचा प्रवेश कॅपमधून नाही, वेगळा असतो.

आणि सरकारी नोकरी डोक्यात असेल तर जाहिरातीतली ब्रँचची यादी वाचायची सवय लाव. काही ठिकाणी कॉम्प्युटर, आयटी असं नाव घेऊन लिहिलेलं असतं आणि सीएसई सायबर सिक्युरिटी त्यात धरतात का हे विचारावं लागतं. कॉलेजला आत्ताच विचार की डिग्रीवर नेमकं काय छापून येतं.

सांगलीचे_पालक

माझी मुलगी मागच्या वर्षी याच गोंधळातून गेली म्हणून पैशाचं सांगतो, ते कुणी बोललं नाही अजून. ओबीसी मुलगी आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खाजगी विनाअनुदानित कॉलेजलासुद्धा. पण दोन गोष्टी नीट बघा. एक, प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. दुसरं, खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत, आणि सायबरच्या ब्रँच बऱ्याच ठिकाणी अशाच विद्यापीठांत निघाल्यात. म्हणून पुण्याचं ते विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे का स्वतःच खाजगी विद्यापीठ झालंय ते आजच तपासा, नावं सारखीच असतात, यात लाखांचा फरक पडतो. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी वेगळी धरा. नॉन क्रिमी लेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, जात पडताळणी झालेली पाहिजे, सेतूत गर्दी आहे त्यामुळे आजच जा.

उजनीकाठची

काका, तुमचं वाचून लगेच कॉलेजला फोन केला. संलग्न कॉलेजच आहे, कॅपमधून माफी लागू आहे म्हणाले. डिग्रीवर कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग आणि पुढे कंसात सायबर सिक्युरिटी असं येतं. नॉन क्रिमी लेअर मागच्या मार्चला संपलंय, उद्या पप्पांसोबत तहसीलला जातेय.

सीनियर ताईचं पण उत्तर आलं. लॅब आहे, व्हर्च्युअल मशीन चालतात, क्लब चालू आहे पण मुली खूप कमी येतात म्हणाली, तू आलीस तर आपण दोघी मिळून मुलींची टीम काढू. मामांना सिलॅबस दाखवला, ते म्हणाले हे तर आमच्या कॉम्प्युटरसारखंच आहे की, मग घे. त्यामुळे पुण्याचं सायबर एक नंबरला, त्याच कॉलेजचं आयटी दोन नंबरला आणि सोलापूर आयटी तीनला टाकतेय. बँडिटच्या नवव्या लेव्हलला अडकलेय, यूट्यूब उघडलेलं नाही.

रात्रपाळी_हिंजवडी

क्रम चांगला आहे. फक्त हे लक्षात ठेव की एक नंबरचा ऑप्शन पहिल्याच राउंडला लागला तर सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या राउंडला दुसरं काही मागता येत नाही, त्यामुळे एक नंबरला तेच टाक जे घरी सगळ्यांना शंभर टक्के चालणार आहे. माफीचं आणि हॉस्टेलचं गणित त्याआधी पप्पांसोबत कागदावर मांड.

आणि नवव्या लेव्हलला फाइलमध्ये वाचता येण्यासारख्या ओळी फार कमी आहेत, बाकी सगळा बायनरी कचरा आहे. त्यातून फक्त वाचता येणारं बाहेर काढणारी कमांड कुठली ते शोध, एवढंच सांगतो.